कपाटांची आदळआपट थांबवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्लॅट पंधरा वर्षांचा. स्वयंपाकघरात ओट्याखाली ट्रॉल्या आणि शटर, वर भिंतीला कॅबिनेट, बेडरूममध्ये छतापर्यंत वॉर्डरोब. घरात तान्हं बाळ आहे, सासरे पहाटे उठून स्वतःचा चहा करून घेतात, आणि एखादं शटर हातातून निसटलं की बाळ दचकून उठतं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, सगळ्या बिजागऱ्या काढून हायड्रॉलिक, म्हणजे दार सावकाश लावणाऱ्या 'सॉफ्ट क्लोज' बिजागऱ्या टाका. हिशेब केल्यावर आकडा फार मोठा निघाला. एवढं खरंच करावं लागतं का?

नाही लागत. काही दारांना नवीन बिजागऱ्या लागतील, पण ती बहुधा वॉर्डरोबची. स्वयंपाकघरातली बरीचशी दारं नीट ॲडजस्ट करून आणि योग्य जागी बफर (आवाज मऊ करणारी टिकली) किंवा डॅम्पर (दाराचा वेग कमी करणारी छोटी नळी) लावून शांत होतात. माझा स्वतःचा क्रम ठरलेला आहे: आधी दार सरळ लटकतंय का ते बघायचं, मग ते कुठे आपटतंय ते शोधायचं, आणि शेवटी काय विकत आणायचं ते ठरवायचं. उलट्या क्रमाने गेलं की महागाच्या बिजागऱ्या वाकड्या दाराला लागतात आणि महिनाभरात आवाज परत सुरू होतो.

सुरुवात कानाने करा. दुपारी घर शांत असताना एकेक दार चार बोटं उघडून सोडून द्या. ढकलू नका, फक्त सोडा. सपाट 'धाड' असा आवाज आला तर पूर्ण शटर बॉक्सच्या, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याच्या, कडेवर आदळतंय. 'टक्' असा कोरडा, धातूचा आवाज आला तर ते मॅग्नेट आहे. 'खट्ट' होऊन दार किंचित उसळलं तर त्याचा एक कोपरा आधी टेकतोय किंवा ते शेजारच्या दाराला घासतंय. आणि दार बंद झाल्यावर आत काहीतरी खणखणलं तर दोष दाराचा नाहीच. वाट्या-पेले एकमेकांना टेकून ठेवलेत किंवा मागची पातळ प्लाय सुटली आहे. या चार आवाजांवरचे इलाज वेगवेगळे आहेत. शटरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने छोटी खूण करून ठेवा, पुढे कामाला येते.

आता बिजागरीकडे बघा. शटरच्या आतल्या बाजूला गोल खड्ड्यात बसवलेली वाटी आणि तिच्यातून निघून बॉक्सच्या बाजूच्या पाटाला लागलेला हात दिसत असेल, तर ती 'ऑटो हिंज'. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुण्या-मुंबईच्या घरांत बहुतेक हीच सापडते. वाटीचा व्यास ३५ मिमी, जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा सारखाच. हिच्या आत स्प्रिंग असते. दार बंद होताना एका ठरावीक कोनापर्यंत आलं की स्प्रिंगचा जोर पालटतो आणि ती दार स्वतः आत ओढते. तिला अडवणारं काहीच नसतं, म्हणून शेवटची चार बोटं दार वेगाने जाऊन आपटतं. सॉफ्ट क्लोज बिजागरीत हीच स्प्रिंग असते, जोडीला एक छोटी नळी. नळीत घट्ट सिलिकॉन तेल आणि दट्ट्या. तेलाला बारीक फटीतून जावं लागतं, त्यामुळे दार जितक्या जोरात येईल तितका विरोध वाढतो. हळू आलं तर विरोध जवळजवळ नाहीच. अशा दाराला शेवटी हाताने दाबून बंद करण्याची सवय म्हणूनच वाईट. दाबल्याने ते लवकर लागत नाही, फक्त नळीतली सील झिजते. ऑस्ट्रियातल्या ब्लुम कंपनीने २००१ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ती रुळायला आणखी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तुमच्या फ्लॅटमध्ये ती नसावी हे स्वाभाविक आहे.

ॲडजस्टमेंटसाठी दोन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरतो. ड्रिल मशीन लावू नका. जुन्या बिजागरीच्या स्क्रूचा माथा एका झटक्यात गुळगुळीत होतो आणि मग तो काढायला अर्धा तास जातो. बिजागरीच्या हातावर एकामागे एक दोन स्क्रू दिसतील. वाटीच्या जवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो. मागचा स्क्रू दार पुढे-मागे करतो; जुन्या प्रकारात तो ढिला करून हाताने दार सरकवायचं आणि परत घट्ट करायचं. उंची बदलायची तर बॉक्सला लागलेल्या प्लेटचे दोन्ही स्क्रू थोडे ढिले करून दार उचलायचं, खाली सनमायकाचा तुकडा टेकू म्हणून सरकवायचा, मग घट्ट करायचं. एका वेळी पाव फेरा फिरवा, दार लावून बघा, मग पुढचा पाव फेरा.

इथे एक गोष्ट अशी आहे जी बहुतेक लोक बघत नाहीत. दार बंद असताना बिजागरीच्या बाजूला शटरची पाठ आणि बॉक्सची कड यांच्यात फट किती आहे? व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि त्या फटीत सरकवून बघा. अजिबात जात नसेल तर दार बिजागरीकडे आधी टेकतंय आणि हँडलकडची बाजू स्प्रिंगच्या जोराने ओढली जाऊन आपटतेय. असं दार नीट लागत नाही, किंचित उसळतं, आणि वरचे स्क्रू हळूहळू उपटत राहतं. मागचा स्क्रू ढिला करून दार दीड-दोन मिलिमीटर बाहेर घ्या. वरची आणि खालची बिजागरी सारखीच बाहेर आली पाहिजे, नाहीतर दाराला पेच पडतो. एवढं केल्यावर कितीतरी दारांचा 'खट्ट' जागच्या जागी बंद होतो, खर्च शून्य.

स्क्रू फिरत राहतो पण घट्ट होत नाही, असं झालं तर भोक खाल्लं गेलंय. प्लायमध्ये असेल तर आगकाडीचे किंवा बांबूच्या काडीचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, बाहेर आलेलं टोक पटाशीने सपाट करा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बारीक ड्रिल मारून तोच स्क्रू लावा. जाडा स्क्रू घालण्याचा मोह टाळा; त्याचा माथा प्लेटच्या खाचेत बसत नाही आणि वर येऊन बिजागरीच्या हाताला अडतो. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगलं असेल, सिंकजवळ हे हमखास होतं, तर काड्या-फेविकॉलने काही होत नाही. तिथे बिजागरी दोन-तीन इंच वर किंवा खाली सरकवून नवीन खड्डा पाडावा लागतो, नाहीतर स्टीलची रिपेअर प्लेट लावावी लागते. भुसा हातात येत असेल तर शटरच बदला. तशा बोर्डावर महागडी बिजागरी लावणं मला पटत नाही.

आता बफर. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक सिलिकॉनच्या गोल टिकल्यांचं पान मिळतं, व्यास ८ ते १० मिमी, जाडी दीड ते तीन मिमी. स्वस्तातलं स्वस्त सामान, पण लावण्याची रीत आहे. टिकली शटरच्या आतल्या बाजूला, हँडलकडच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात लावायची, बॉक्सच्या कडेच्या बरोबर मध्यावर येईल अशी. लावण्याआधी ती जागा ओल्या फडक्याने आणि भांड्यांच्या साबणाने पुसून पूर्ण कोरडी करा. फोडणीचा चिकटा राहिला तर टिकली चार दिवसांत सरकते. आणि सर्वात महत्त्वाचं: दोन मिलिमीटरची टिकली लावली की बिजागरीकडेही दार दोन मिलिमीटर बाहेर घ्यायचं. नाहीतर दार एका बाजूला टेकलेलं, दुसऱ्या बाजूला टिकलीवर उभं, असं पाचरीसारखं तिरपं बसतं. टिकल्या लावूनही फरक पडला नाही म्हणणाऱ्यांच्या घरी मला बहुतेक वेळा हेच दिसतं.

टिकली दाराचा वेग कमी करत नाही, फक्त आदळण्याचा कडक आवाज मऊ करते. तान्ह्या बाळाच्या घरात रात्री कधी कधी एवढंही पुरतं. वेग कमी करायचा असेल तर डॅम्पर.

सुटा डॅम्पर म्हणजे पेनाच्या टोपणाएवढी प्लॅस्टिकची नळी, पुढे स्प्रिंगवर आत-बाहेर होणारा दांडा. दोन तऱ्हेने बसतो. एक, बॉक्सच्या बाजूच्या पाटाच्या पुढच्या कडेत १० मिमीचं भोक पाडून आत दाबायचा. १८ मिमीच्या प्लायमध्ये हे भोक अगदी मध्यावर आणि सरळ गेलं पाहिजे, हात तिरपा झाला तर ड्रिल सनमायका फोडून बाजूने बाहेर येतं. दोन, प्लॅस्टिकच्या घरासकट (डॅम्पर ज्यात बसतो ती डबी) आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी लावायचा. घरच्या घरी करणाऱ्याला मी दुसरी पद्धत सुचवेन. जागा चुकली तर दोन स्क्रू काढून सरकवता येतो. दुकानदार दुहेरी टेपवर चिकटणारे डॅम्परही दाखवेल. दांडा रोज पुढून मागे ढकलला जातो, त्यामुळे टेपवर तो सगळा जोर आडवा येतो. स्वयंपाकघराच्या वाफेत ते टिकत नाहीत. बेडरूममध्ये हलक्या दाराला चालतील.

डॅम्पर कुठे लावायचा, याचं गणित सोपं आहे आणि ते समजलं की अर्धं काम झालं. समजा शटर ४५० मिमी रुंद आहे आणि दांडा १० मिमी आत जातो. डॅम्पर हँडलकडच्या टोकाला लावला तर तो दाराला शेवटच्या एका सेंटिमीटरवर पकडतो. पकड पूर्ण, कारण बिजागरीपासून लांब असल्याने त्याला जोर कमी लागतो, पण अडवायला वेळ थोडाच मिळतो. तोच बिजागरीपासून ५० मिमीवर लावला तर दाराची कड नऊ सेंटिमीटर लांब असतानाच तो काम सुरू करतो, दार दिसायला छान सावकाश येतं, मात्र त्या छोट्या नळीवर नऊपट ताण पडतो. काही कंपन्या बिजागरीच्या बाजूसाठी म्हणून वेगळा, जास्त कडक डॅम्पर देतात तो याचसाठी. घेताना पाकिटावर बाजू बघून घ्या.

तुमच्यासारख्या घरात, जिथे देखावा नको आणि फक्त आवाज जायला हवा आहे, तिथे मी हलक्या शटरला एकच डॅम्पर हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात लावतो. दोन शटरच्या कॅबिनेटमध्ये मध्ये पार्टिशन नसेल तर तो वरच्या पाटाच्या खालच्या अंगाला येतो, प्रत्येक शटरला स्वतंत्र. दांडा बॉक्सच्या कडेपासून पूर्ण बाहेर असला पाहिजे, आणि दार बंद झाल्यावर पूर्ण आत जाऊन दार त्याच्यावर न टेकता कडेवर टेकलं पाहिजे. दांड्यावरच दार थांबत असेल तर डॅम्परचं घर दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवा. कडा-कोपऱ्याला टिकली असेल तर तीही जमेस धरा.

मॅग्नेट. ऑटो हिंज असलेल्या दाराला मॅग्नेट लागत नाही, तरी कितीतरी घरांत सुताराने सवयीने तो लावलेला असतो. डॅम्पर किंवा सॉफ्ट क्लोज बसवणार असाल तर मॅग्नेट काढून टाका. दार सावकाश येत येत शेवटच्या पाच मिलिमीटरवर पोचतं आणि मॅग्नेट ते झडप घालून ओढतो, 'टक्'. पैसे खर्च करून आवाज तसाच राहतो. याला अपवाद जुन्या कपाटांचा. तुमच्या सासऱ्यांच्या खोलीत जुनं लाकडी कपाट असेल, त्याला पट्टीच्या किंवा उभ्या पियानो बिजागऱ्या असतील, तर त्यांच्यात स्प्रिंग नसते. तिथे नुसता डॅम्पर लावला तर त्याचा दांडा दाराला परत बाहेर ढकलतो आणि दार बोटभर उघडं राहतं. त्या दाराला मॅग्नेट हवाच, कारण दांड्याचा उलटा जोर तोच मोडतो. मॅग्नेट खालच्या कोपऱ्यात, डॅम्पर वरच्या कोपऱ्यात, आणि मॅग्नेटच्या लोखंडी पट्टीवर पातळ फेल्टचा किंवा कापडी टेपचा एक थर. थराने ओढ थोडी कमी होते आणि धातूवर धातू आपटत नाही. ओढ फारच कमी झाली तर थर काढून पातळ लावा. दोन-तीन वेळा करून बघितलं की जमतं.

यानंतर बिजागऱ्या बदलण्याचा विषय. कुठली दारं यात येतील? जड, उंच आणि रोज दहा वेळा उघडणारी, म्हणजे तुमचा वॉर्डरोब. शिवाय वाटीतला पत्रा गंजलाय, हात डगडगतो, दार हातात धरून हलवलं की बिजागरीत खेळ जाणवतो, अशी कुठलीही.

विकत आणण्याआधी एक जुनी बिजागरी काढा आणि सोबत दुकानात न्या. फोटो पुरत नाही. चार मापं जुळावी लागतात. पहिलं, क्रँक, म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक. शटर बॉक्सच्या बाजूचा पाट जवळजवळ पूर्ण झाकत असेल तर शून्य क्रँक. एकाच पार्टिशनवर दोन्हीकडून दोन शटर येत असतील आणि प्रत्येक जण अर्धी जाडी झाकत असेल तर आठ क्रँक. शटर बॉक्सच्या आत, कडेशी सपाट बसत असेल तर सोळा. एकाच वॉर्डरोबमध्ये दोन टोकांना शून्य आणि मधल्या पार्टिशनवर आठ असं असतंच, म्हणून सरसकट एकच क्रँक आणू नका. दुसरं, वाटीच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूमधलं अंतर. वाटी सगळ्यांची ३५ मिमीची असली तरी हे अंतर कंपनीगणिक बदलतं: ब्लुमचं ४५ मिमी, हेटिचचं ५२ मिमी, इतर बऱ्याच जणांचं ४८ मिमी. जुन्या भोकापासून दोन-तीन मिलिमीटरवर नवीन भोक पाडलं तर दोन्ही एक होतात आणि स्क्रू धरत नाही. म्हणून शक्यतो त्याच मापाची घ्या, आणि तशी मिळाली नाही तर जुनी भोकं आदल्या दिवशी काड्या-फेविकॉलने बुजवा. तिसरं, खड्ड्याची खोली. साध्या जुन्या बिजागरीचा खड्डा साधारण साडेअकरा मिमी खोल असतो, सॉफ्ट क्लोजच्या काही मॉडेलना साडेबारा-तेरा लागतो. आगकाडी खड्ड्यात उभी धरून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. एक मिलिमीटर कमी पडला तर वाटी तेवढी वर राहते, तिच्या पत्र्याच्या पाकळ्या शटरला टेकत नाहीत आणि स्क्रू घट्ट करताना वाटी तिरपी होते.

खड्डा खोल करायचा असेल तर इथे हात जपून. वाटीचा खड्डा पाडणारा ड्रिलचा बिट मध्यभागी टोकदार असतो आणि ते टोक कडांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे जातं. १८ मिमीच्या शटरमध्ये तेरा मिमीचा खड्डा पाडताना टोक सोळाच्या आसपास पोचतं, म्हणजे समोरच्या सनमायकाच्या अगदी मागे. शटर आडवं, मऊ चादरीवर ठेवा, बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा आणि मशीन कमी वेगावर चालवा. समोर फोड आली तर ती झाकता येत नाही. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांनी हा एवढा भाग सुताराकडून करून घ्यावा. चौथं माप प्लेटचं: तिचे दोन स्क्रू बॉक्सच्या कडेपासून ३७ मिमी आत आणि एकमेकांपासून ३२ मिमीवर असतात. हे बहुतेक ठिकाणी जुळतं. तरी जुनी प्लेट ठेवून नुसता हात बदलू नका. एका कंपनीचा हात दुसऱ्याच्या प्लेटवर क्लिक झाल्यासारखा वाटतो आणि नंतर निसटतो.

शक्य असेल तर क्लिप-ऑन घ्या, स्लाइड-ऑन नको. क्लिप-ऑनमध्ये दार एका बोटाने सोडवून खाली घेता येतं, दिवाळीच्या साफसफाईला आणि पुढे ॲडजस्ट करायला फार सोयीचं. सॉफ्ट क्लोज बिजागरी साध्या ऑटो हिंजच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडते. नावाजलेल्या कंपनीची घ्या, मग ती परदेशी असो की एब्कोसारखी मुंबईची. बिनानावाच्या बिजागऱ्यांमध्ये हाताच्या आत उघडी नळी दिसते. वर्ष-दीड वर्षात तिच्यातून तेल पाझरतं, हातावर तेलकट डाग दिसतो आणि दार पुन्हा आपटायला लागतं. ती नळी दुरुस्त होत नाही.

आता किती बिजागऱ्या. या प्रश्नावर सगळ्यात जास्त काटकसर होते आणि सगळ्यात जास्त दारं याच पायी बिघडतात. कंपन्यांच्या तक्त्यांत साधारण असं असतं: ९०० मिमी उंचीपर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार, २४०० पर्यंत पाच. तुमचं वॉर्डरोबचं शटर सात फूट बाय दीड फूट धरा. म्हणजे पाऊण इंची प्लायचा जवळजवळ एक चौरस मीटर. प्लायचं वजन सुमारे साडेअकरा किलो, दोन्ही अंगांच्या सनमायकाचं सव्वादोन-अडीच, एकूण चौदा किलोच्या घरात. त्यावर ५ मिमीचा पूर्ण उंचीचा आरसा लावला असेल तर आणखी बारा किलो, कारण काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे सव्वीस किलोचं दार. अशा दाराला पुष्कळदा तीन बिजागऱ्या सापडतात. सगळा ओढा वरच्या बिजागरीवर येतो, खालची फक्त टेकलेली असते. वरचे स्क्रू सैल होतात, दार हँडलकडे खाली झुकतं आणि तळाच्या कोपऱ्याने शेजारच्या दाराला ठोकर मारतं. नवीन बिजागऱ्या टाकताना संख्या वाढवा, आणि वाढवलेली बिजागरी मध्ये न टाकता वरच्या बिजागरीखाली वीतभर अंतरावर टाका.

उंच शटरला बाक आला असेल, म्हणजे वरून लागतं आणि खालून बोटभर उघडं राहतं, तर कुठलीही सॉफ्ट क्लोज त्याला सरळ करणार नाही. बाहेरून सनमायका आणि आतून नुसता रंग, अशा शटरना हा त्रास हमखास, कारण दोन्ही अंगं हवेतला ओलावा वेगवेगळा घेतात. थोडा बाक असेल तर उशिरा टेकणाऱ्या कोपऱ्यात जाड टिकली, आधी टेकणाऱ्या कोपऱ्यात पातळ किंवा काहीच नाही, अशी तडजोड करता येते. जास्त असेल तर शटर नवीन.

ओट्याखालची शटर कशावर लागली आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत ओट्याखाली कडाप्प्याचे उभे पाट असतात आणि पुढे लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट मारून तिच्यात शटर बसवलेली असतात. तसं असेल तर ३७ मिमीवर प्लेट लावायला चौकटीत जागाच नसते, चौकट जेमतेम इंचभर खोल. लाकडी चौकटीच्या मागे लाकडाचा गुटका स्क्रू आणि फेविकॉलने पक्का करा, चौकटीच्या आतल्या अंगाशी सपाट, आणि प्लेट त्यावर घ्या. कडाप्प्यात भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. पाट तडकला तर ओट्याचा आधार जातो. एवढा खटाटोप नको असेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीमागे घरासकट डॅम्पर लावा. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेल्या काचेच्या शटरना वेगळी, अरुंद वाटीची बिजागरी येते. सॉफ्ट क्लोजमध्ये तीही मिळते.

ट्रॉल्यांबद्दल थोडक्यात. बाजूला तीन पट्ट्यांचे बॉल-बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनल असतील तर त्याच लांबीचे सॉफ्ट क्लोज चॅनल घेऊन बदलता येतात, कारण दोन्हींना बाजूला साधारण साडेबारा मिमीच जागा लागते. मोजमाप चॅनल बंद असताना मागून पुढपर्यंत, इंचात. वजनाचा आकडा बघून घ्या. कुकर, पातेली आणि तवे एकाच ट्रॉलीत असतील तर ४५ किलोवाला. चाकांवर चालणाऱ्या जुन्या तारेच्या जाळीला मात्र आधी चाकं साफ करून बघा. त्यांच्या खाचेत मोहरी आणि तांदळाचे दाणे अडकलेले असतात, आणि खडखड त्यांचीच असते.

हँडल नसलेली, दाबून उघडणारी दारं असतील तर सॉफ्ट क्लोज आणि साधं पुश-ओपन एकत्र चालत नाही. पुश-ओपनला दार आत दाबायला जागा हवी, सॉफ्ट क्लोजची स्प्रिंग ते घट्ट ओढून धरते. दोन्हीपैकी एक निवडा. बाळाच्या खोलीत मी हँडल निवडेन.

देखभाल फार नाही, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. सॉफ्ट क्लोज बिजागरीत कुठलंही तेल सोडू नका. खोबरेल तर नाहीच. ते पुण्या-नाशिकच्या थंडीत गोठतं, धूळ आणि पीठ धरून ठेवतं आणि सांध्यात मेणासारखा थर बसतो. जुन्या पट्टीच्या बिजागरीला शिवणयंत्राचं तेल दोन थेंब चालेल. ऑटो हिंजला फक्त कोरडं फडकं, आणि चिकटा असेल तर किंचित ओलं. हिवाळ्यात पहाटे दारं जास्तच सावकाश लागत असतील तर घाबरू नका, थंडीत नळीतलं तेल घट्ट होतं. दिवस वर आला की पूर्ववत होतं. पावसाळ्यात प्लाय फुगून फटी कमी होतात, म्हणून ॲडजस्टमेंट जुलैमध्ये एकदा तपासा. नातेवाईक कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असतील आणि हेच काम करणार असतील तर त्यांना निकेल चढवलेल्या साध्या लोखंडाऐवजी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घ्यायला सांगा.

तुमच्या घरात मी कामाला लागलो तर पहिल्या दिवशी टिकल्यांच्या पानाशिवाय काहीच विकत आणणार नाही. सगळी दारं ॲडजस्ट करून दोन मिमीच्या टिकल्या लावेन आणि ऑटो हिंजच्या दारांचे मॅग्नेट काढेन. तुम्ही आठवडाभर तसंच राहून बघा. पेन्सिलच्या खुणांपैकी किती दारं अजून आपटतात ते मोजा. चहा-साखरेच्या कॅबिनेटला, जे सासरे पहाटे उघडतात, तिथे सुटे डॅम्पर लावा. मग वॉर्डरोबच्या सगळ्यात त्रास देणाऱ्या एकाच दारासाठी सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या आणा आणि बसवून बघा. सुताराला मजुरी दारामागे ठरवा, बिजागरीमागे नाही, म्हणजे चौथी-पाचवी बिजागरी घालायला तो कां-कूं करणार नाही. स्वयंपाकघरातल्या छोट्या, फूटभराच्या शटरना कधी सॉफ्ट क्लोज लावलीच तर दोन्ही बिजागऱ्या तशा नकोत: एक सॉफ्ट क्लोज, एक साधी ऑटो. एवढ्या हलक्या दाराला दोन डॅम्पर मिळाले तर ते मध्येच थांबतं आणि पूर्ण लागतच नाही. काही मॉडेलमध्ये वाटीवर किंवा हातावर डॅम्पर बंद करायची छोटी कळ असते, तशी असेल तर दोन्ही सारख्या घेऊन एकीची कळ बंद करून टाका.